आग, बंब आणि घरपट्टी

“आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी” ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी हसत हसत वापरली असेल. कारभारात मेळ नसला की आपण ती म्हणतो आणि पुढे जातो. परंतु पिंपळगाव बसवंतच्या माणसाने ती जरा जपून वापरावी असे आम्हांस वाटते. सोमेश्वर नावाचे एक देवस्थान नाशिकलाही आहे, आणि नाशिक येथून सुमारे तीस किलोमीटर. तिथून निघालेला बंब महामार्गावर ताशी पन्नास किलोमीटरने न थांबता आला, तरी त्याला छत्तीस मिनिटे लागतात. छत्तीस मिनिटांत कांद्याच्या गोण्यांची थप्पी राख होऊन तिच्यावरचे पत्रे खाली बसलेले असतात. म्हणजे आपल्या बाबतीत ही म्हण नुसती थट्टा नाही, तो अंतराचा हिशेब आहे.

व्याख्यानमालेच्या दिवसांत घरपट्टीसारखा रुक्ष विषय काढल्याबद्दल वाचकांनी आम्हांस क्षमा करावी. पण हेच दिवस या विषयाचे आहेत. दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले बंबवाले पाण्याचा मारा करीत जागेवर उभे असतानाच दुपारी चारच्या सुमारास जहाज उडाले. त्या दिवशी मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असतो. आपण हार घालतो, दोन मिनिटे उभे राहतो, आणि घरी येऊन घरपट्टीचे बिल पाहिले की म्हणतो, “ही वाढ कशाला?” या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, तेवढेच या लेखात सांगायचे आहे.

पिंपळगाव हे आता नावापुरतेच गाव उरले आहे. २०११ च्या जनगणनेतच येथील वस्ती चाळीस हजारांच्या वर गेली होती. बाजार समितीत टोमॅटो आणि कांदा उतरतो, द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगची शेड रात्रंदिवस चालतात, शीतगृहे आहेत, आणि गावाच्या अंगावरून मुंबई–आग्रा महामार्ग जातो. यांतली प्रत्येक वस्तू आगीच्या दृष्टीने पाहा. प्लॅस्टिकचे क्रेट, पुठ्ठ्याची खोकी, बारदान, कांदाचाळीचे बांबू आणि पाचट, शीतगृहाच्या भिंतींतला फोम, आणि रस्त्यावर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून निघालेले तेलाचे टँकर. ज्या मालावर हे गाव पोट भरते, त्यातला बराचसा जळणारा आहे. आणि त्याच मालाच्या सावलीत दुपारी हमाल पाठ टेकतात, आणि रात्री परगावचे मजूर झोपतात.

आजवर हे सारे ग्रामपंचायतीच्या छत्राखाली होते. आता ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे. तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. या बदलाने पाटी बदलली एवढेच नाही, जबाबदारीही बदलली. आपल्या राज्यघटनेत ग्रामपंचायतींच्या कामांची यादी अकराव्या अनुसूचीत आहे. तीत २९ विषय आहेत, पण अग्निशमनाचा विषय नाही. नगरपालिकांची यादी १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत आहे. तीत १८ विषय आहेत, आणि सातवा विषय ‘अग्निशमन सेवा’ हाच आहे. महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद कायदा तर आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य मानतो. बाग करावी की न करावी हे नगरसेवकांच्या मर्जीवर असेल. बंबाचे तसे नाही.

मग हे कर्तव्य पार पाडायला पैसा कोठून यायचा? पूर्वी नगरपालिकांना जकात होती. नाक्यावर गाडी अडे, पावती फाटे आणि गल्ल्यात रोज नगद पैसा पडे. महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. तिच्या जागी सरकारी अनुदान आले. अनुदान म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी. येईल तेव्हा येईल, मिळेल तेवढे मिळेल. गावाची स्वतःची म्हणावी अशी विहीर एकच उरली, ती म्हणजे मालमत्ता कर, ज्याला आपण सगळे घरपट्टी म्हणतो.

घरपट्टी कशी बसते हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. नगरपरिषदांची जुनी आणि रुळलेली रीत अशी : घर भाड्याने दिले तर वर्षाला काय भाडे येईल हे ठरवायचे, त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा करायचे, आणि जे उरते त्याला करयोग्य मूल्य म्हणायचे. त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी कर. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. यादी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. चार वर्षांतून एकदा येणारी ही सुनावणी म्हणजेच गावाच्या तिजोरीवरची खरी ग्रामसभा होय. पण त्या दिवशी जो तो आपापले बिल तेवढे कमी करून घेण्यासाठी आलेला असतो.

आगीचा खर्च घरांवरच का बसवायचा, हा प्रश्न जुना आहे. लंडन शहर १६६६ मध्ये जळाले, त्यानंतर तेथे आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांनी आपापले बंब ठेवले आणि विमा उतरवलेल्या घरांवर धातूच्या खुणेच्या पाट्या ठोकल्या. पुढे १८३३ मध्ये या कंपन्यांनी मिळून एकच दल केले. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या वखारींना आग लागली. दलाचा प्रमुख ब्रेडवुड भिंत अंगावर पडून मेला, आणि कंपन्यांचे इतके नुकसान झाले की त्यांनी सरकारला कळवले, हे ओझे आता आम्हांस पेलवत नाही. तेव्हा १८६५ मध्ये कायदा झाला आणि शहराच्या दलाचा खर्च मालमत्तेवरील पट्टीतून, कंपन्यांच्या वर्गणीतून आणि सरकारच्या मदतीतून करण्याचे ठरले. म्हणजे व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी निघालेली गोष्ट दोनशे वर्षांनी सार्वजनिक झाली. कारण उघड आहे. आग पाटी वाचून पसरत नाही. विमा उतरवलेल्या घराशेजारचे बिनविम्याचे घर पेटले तर दोन्ही जळतात.

मुंबईनेही हाच धडा घेतला. तेथील बंब आधी पोलिसांकडे होते. १८८७ मध्ये ते नगरपालिकेकडे आले, आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात सर्वसाधारण कराच्या जोडीला आगीच्या बंदोबस्तासाठी करयोग्य मूल्यावर वेगळी भर घालण्याची तरतूद झाली. पुण्याच्या मिळकतकराच्या बिलावर आजही ‘अग्निशामक कर’ अशी स्वतंत्र ओळ असते. मोठ्या शहरांना जे सवाशे वर्षांपूर्वी कळले, ते आपल्यासारख्या वाढत्या गावांना आता कळून घ्यावयाचे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. गावात बंब असला म्हणजे अग्निशामक दल झाले, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बंब ही एक मोटार आहे. साधारण बंबात साडेचार हजार लिटर पाणी मावते. मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी फेकणाऱ्या दोन धारा सोडल्या तर ते पाच मिनिटांत संपते. म्हणून बंबामागे पाण्याचा साठा लागतो, जागोजागी जाड तोंडाचे नळ लागतात, ते कोठे आहेत हे अंधारातही ठाऊक असणारी माणसे लागतात. आणि ती माणसे चोवीस तास हजर असावी लागतात.

हजर असावी लागतात म्हणजे किती माणसे लागतात? हा हिशेब आम्ही आयुष्यभर पाळीच्या कामगारांसाठी मांडत आलो आहोत, तोच येथे मांडतो. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठ तासांप्रमाणे सहा दिवस, म्हणजे ४८ तास काम करतो. म्हणजे एका जागेवर चोवीस तास माणूस उभा ठेवायचा तर साडेतीन माणसे लागतात. आजारपण, रजा, सण धरले की चार. एका बंबावर चालक आणि नायक धरून सहा जण असावेत. सहा चोक चोवीस. एका बंबाला चोवीस माणसे! हा आकडा ऐकून नगरसेवक दचकतो आणि सहा माणसांवर भागवतो. मग काय होते ते आम्ही एका गावी पाहिले आहे. बंबाचा चालक दिवसा पाण्याच्या टँकरवर होता. आगीचा निरोप आला तेव्हा बंब जागेवर होता, पण त्याची किल्ली गावाबाहेरच्या वस्तीवर टँकर रिकामा करणाऱ्या चालकाच्या खिशात होती.

“पण ही चोवीस माणसे रोज करणार काय? महिन्यात दोनदा आग लागते. बाकीचे दिवस पत्ते खेळायचा पगार द्यायचा काय?” असे कोणी म्हणेल. या एका प्रश्नावर सगळा वाद अडलेला आहे. बाकीच्या कामगाराचे काम हातातून दिसते. सफाईवाल्याने रस्ता झाडला की रस्ता झाडलेला दिसतो. बंबवाल्याच्या कामातला मोठा भाग म्हणजे तयार राहणे. तो बसलेला आहे असे आपल्याला दिसते, पण तो दोन मिनिटांत निघू शकतो, हेच आपण विकत घेतलेले असते. घराला कुलूप लावतो ते चोर रोज येतो म्हणून नव्हे. शिवाय खरे दल रिकामे बसतही नाही. सराव, नळांची पाहणी, गोदामे आणि शाळा यांची तपासणी ही त्याचीच कामे. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा मोठ्या इमारतींच्या मालकांवर आपली आगरोधक साधने चालू ठेवण्याची आणि वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, तसा दाखला देण्याची जबाबदारी टाकतो. तो दाखला खरा की कागदी, हे पाहायला माणूस नको काय?

आता पैशाचे बोलू. उदाहरणासाठी आकडे धरतो; रीत कळली की नगरपरिषदेचे खरे आकडे घालून कोणीही हा हिशेब करावा. चोवीस माणसे, प्रत्येकी महिना पस्तीस हजार, म्हणजे वर्षाला एक कोटी ऐंशी हजार. गावात पंधरा हजार मालमत्ता धरल्या आणि सर्वांवर सारखा भार टाकला, तर मालमत्तेमागे वर्षाला ६७२ रुपये, महिन्याला छप्पन्न. परंतु सारखा भार हा न्याय नव्हे. दोन खोल्यांत राहणारी विधवा आणि शीतगृहाचा मालक दोघांनी छप्पन्न रुपये द्यावे काय? म्हणून करयोग्य मूल्यावरच ही पट्टी बसवावी. ज्या घराला महिना दोन हजार भाडे येईल, त्याचे करयोग्य मूल्य एकवीस हजार सहाशे. दोन टक्के पट्टी लावली तर वर्षाला ४३२ रुपये, महिना छत्तीस. ज्या गोदामाला महिना पन्नास हजार भाडे येईल, त्याचे करयोग्य मूल्य पाच लाख चाळीस हजार. त्याची पट्टी वर्षाला १०,८०० रुपये. ज्याचा माल मोठा, ज्याची आग मोठी, त्याचा वाटा मोठा. यात कोणावर उपकार नाही आणि कोणावर अन्यायही नाही.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाजार समितीत माल येतो तो केवळ या गावाचा नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील शेतकरी येथे येतो, परप्रांतीचा व्यापारी येतो. त्या मालाच्या संरक्षणाचा सगळा भार गावातल्या घरांवर टाकणे योग्य होणार नाही. बाजार समिती बाजार फी घेते. तिने बंबाच्या खर्चात दरसाल ठरावीक वाटा उचलावा. शेजारच्या ग्रामपंचायतींनाही हाक आली तर बंब जाणारच. त्यांनीही लेखी करार करून वर्गणी द्यावी. नव्या इमारतीला परवानगी देताना अग्निशमन सेवा शुल्क घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. ते शुल्क वेळच्या वेळी घ्यावे आणि त्याच कामी लावावे.

“सरकार देईल की!” असेही ऐकू येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी पाच हजार कोटींची योजना काढली, ही गोष्ट खरी आहे. अशा योजनांतून इमारत उभी राहते, गाडी येते, फीत कापली जाते. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला चोवीस घरांत जाणारा पगार फीत कापून येत नाही. तो गावालाच द्यावा लागतो.

“नाशिकचा बंब येईल, ओझरचा येईल,” असे म्हणणारेही आहेत. येतील. आजवर आलेही असतील, आणि त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण मे २०२५ मध्ये इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्याला आग लागली ती कित्येक दिवस धुमसत होती, आणि ठिकठिकाणचे बंब तिकडे गेले होते. त्या दिवसांत येथे ठिणगी पडली असती तर? आणि ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिक शहराच्या हद्दीतच खाजगी बस पेटून बारा माणसे दगावली. शहराला स्वतःचे दल असून ही गत. मग तीस किलोमीटरवरच्या गावाने कोणाच्या भरवशावर झोपावे?

विम्याबद्दलही दोन शब्द. विमा मालाची किंमत भरून देतो. हमालाच्या झोपडीचा विमा नसतो, आणि जळलेल्या माणसाला विमा परत आणत नाही. तसेच, ज्याच्याकडे आग लागली त्याच्याकडून बंबाचे भाडे घ्यावे, ही सूचनाही घातक आहे. भाड्याच्या धाकाने गरीब माणूस बंबाला उशिरा बोलावील, आणि तेवढ्या उशिरात आळी जाईल.

आता आमची स्वतःची एक चूक कबूल केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी घरपट्टी वाढली, तेव्हा आम्ही मोर्चा काढला. कामगार आले, दुकानदार आले, गोदामांचे मालक तर सर्वांच्या पुढे होते. त्यांनी मोर्चेकऱ्यांना चहा पाजला. तेव्हा आम्हांस त्यात विशेष काही वाटले नाही. सगळी वाढ रद्द झाली, आम्हांला हार पडले. त्या वाढीत बंबाच्या दुरुस्तीची आणि दोन चालकांची रक्कम होती, हे आम्ही विचारलेही नाही. पुढच्या उन्हाळ्यात बारदानाच्या गोदामाला आग लागली. बंब ढकलून चालू करावा लागला. तो येईपर्यंत गोदामामागच्या हमालांच्या आठ झोपड्या गेल्या. माणसे वाचली हे नशीब. गोदामाच्या मालकाला विम्याचे पैसे मिळाले. हमालांसाठी आम्ही वर्गणी गोळा केली, आणि त्या वर्गणीच्या डब्यात पैसे टाकताना एका हमालाने आम्हांस विचारले, “साहेब, हेच पैसे आधी पट्टीत दिले असते तर चाललं नसतं का?” त्याला उत्तर आम्हांस तेव्हा देता आले नाही.

म्हणून आज आम्ही असे म्हणत नाही की कर वाढवू नका. आणि असेही म्हणत नाही की वाढवाल तेवढा देऊ. डोळे मिटून दिलेला कर आणि डोळे मिटून नाकारलेला कर, दोन्ही गावाला सारखेच महाग पडतात. आम्ही म्हणतो, बंबासाठी घ्या आणि बंबासाठीच खर्च करा. घरपट्टीच्या बिलावर अग्निशमनाचा वाटा किती हे वेगळे छापा. त्याचे खाते वेगळे ठेवा; रस्त्याच्या ठेकेदाराचे बिल त्यातून भागवू नका. वर्षअखेर नगरपरिषदेच्या फलकावर चार ओळी लावा : किती जमले, किती खर्च झाले, किती हाका आल्या, आणि प्रत्येक हाकेला बंब किती मिनिटांत पोचला. आणि बंबावरचा माणूस कायम नोकरीतला, शिकवलेला आणि धड पगाराचा असू द्या. सहा महिन्यांच्या कंत्राटावर आणलेला पोरगा दुसऱ्याच्या गोदामात, पेटलेल्या छपराखाली कोणत्या भरवशावर शिरेल?

पुढच्या आकारणीची यादी लागेल तेव्हा आपण सगळे हरकती घेऊन जाऊच. आपापले बिल तपासावे, चूक असेल तर भांडावे, तो आपला हक्क आहे. फक्त जाताना हरकतीच्या अर्जाखाली एक ओळ जादा लिहावी : “माझ्या पट्टीतले बंबाला किती दिले ते कळवावे.” शेकडो अर्जांवर ही ओळ आली तर नगरपरिषदेला उत्तर द्यावेच लागेल. आणि बंब गावात, किल्ली बंबात, आणि माणूस किल्लीजवळ असेल, तर ती रामेश्वर–सोमेश्वरची म्हण आपण पुन्हा मोकळेपणाने हसत वापरू.